आत्याने चिरून ठेवलेले टोमॅटो

आत्या,

तुझ्या दशक्रियेला माईक होता. पुणतांब्याच्या घाटावर, गोदावरीच्या काठी, दोन कर्णे आणि एक जनरेटर. तुला कीर्तनातला माईकसुद्धा सहन व्हायचा नाही. "देवाला काय ऐकू येत न्हाई का?" म्हणायचीस आणि अर्ध्यातून उठून यायचीस. त्याच माईकवरून तुझ्याविषयी पाच जण बोलले. त्यांतला एकही तुझ्याशी कधी धड पाच वाक्यं बोललेला नव्हता.

सर्वांत शेवटी साहेब आले. पांढरी गाडी थेट घाटाच्या पायऱ्यांपर्यंत आणली. त्यांनी चिठ्ठी काढली आणि तुला सुमित्राताई म्हणाले. मागून कुणीतरी 'सुभद्रा, सुभद्रा' म्हणून कुजबुजलं. साहेबांनी मान हलवली आणि पुढच्या वाक्यात पुन्हा सुमित्राताई म्हणाले. "सुमित्राताईंनी बचत गटाच्या माध्यमातून टोमॅटो प्रक्रिया उद्योग उभा केला आणि परिसरातील महिलांना नवी दिशा दिली." तू कुठल्याच बचत गटात नव्हतीस. उद्योग म्हणशील तर सुंभाच्या दोन बाजा, दोन जुनी पातळं, एक विळी आणि टवका उडालेली एक बरणी. मला तिथे उन्हात बसल्या बसल्या तुझा आवाज ऐकू आला, "ह्याला कुणी तरी एक टोमॅटो चिरायला द्या रे." मी हसले. शेजारच्या बाईने मला जवळ घेतलं. तिला वाटलं, मी रडतेय.

फाट्यावर फ्लेक्सही लागला आहे. फोटो तुझ्या आधार कार्डावरचा, फोटो काढणाऱ्याशी भांडल्यासारखा. तुझ्याभोवती अकरा पुरुष हात जोडून उभे आहेत आणि खाली लिहिलंय 'शोकाकुल'. या शोकाकुलांपैकी निम्म्यांनी तरी आपल्या दारावरून जाताना "काय, सुभद्राची सुकट वाळली का?" म्हणून दात काढलेले मी लहानपणापासून ऐकलेत. कोकणात मासे वाळवतात तशी आमच्या वस्तीवर टोमॅटोची सुकट, असा तो विनोद. गेली चाळीस वर्षं तोच. एवढ्या वर्षांत त्यांना दुसरा सुचला नाही, यावरून ओळखायचं.

आत्या, मी एवढं तुच्छतेने लिहिते आहे, ते तुला आवडणार नाही असं कुणी म्हणेल. त्यांनी तुला ओळखलेलंच नाही. तुच्छता मी तुझ्याकडूनच शिकले. तू कुणाशी भांडायची नाहीस. समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचीस, एक भुवई वर करायचीस आणि म्हणायचीस, "व्हय का." तेवढ्यावर माणूस आपली चप्पल शोधायला लागायचा.

लग्न होऊन गेलीस ती आठच महिन्यांत एका पिशवीसह परत आलीस. का, ते कुणालाच सांगितलं नाहीस. "तिथलं पाणी मानवलं न्हाई" एवढंच. त्यांनी तुला न्यायला माणूस पाठवला नाही आणि तू वाट पाहिली नाहीस. तेव्हापासून दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या घरात तू चाळीस वर्षं राहिलीस. आईच्या बरोबरीने राबलीस, मला आणि माझ्या भावाला वाढवलंस, पण कुठल्याही कागदावर, कुठल्याही कार्यात तू या घरची नव्हतीस. हळदीकुंकवाला तुला बोलावणं आलं की मागून कुणीतरी विचारायचंच, "हिला कुणाकडची म्हणून ओटी भरायची?" तू पदर आवरून उठायचीस. "मला स्लॅबवर काम हाय."

स्लॅबवरचं ते काम काय होतं, ते तरी त्या माईकवाल्यांना माहीत असावं. शेवटच्या तोड्याला झाडावर जे बारीक, कडक टोमॅटो राहतात, जे तोडायला मजूरही वाकत नाहीत, ते तू वेचून आणायचीस. लांबट आणि कमी पाण्याचे. उभे दोन भाग करून अंगठ्याने बिया बादलीत काढायच्या. त्या पाण्याचं संध्याकाळी सार. मग मीठ लावून तासभर पालथे घालायचे, बाजेवर धुतलेलं पातळ अंथरून त्यावर ओळीने मांडायचे, वरून दुसरं विरलेलं पातळ माश्यांसाठी. दुपारी उलटायचे. आणि दिवस कलायच्या आत, काहीही झालं तरी, खाली आणायचे, कारण माघाच्या दवात एक रात्र राहिले की संपलं. सुकले की बरणीत भरून आठ दिवस रोज हलवायची. "त्यांचं त्यांना वाटून घेऊ दे. एकाकडं ओल जास्त असती, एकाकडं कमी."

किती दिवसांत वाळतात, हा आपला जुना वाद.

"आत्या, नक्की किती दिवस?"

"वाळंस्तोवर."

"पण पाच की सहा?"

"हाताला विचार की. हात कशाला दिलाय?"

त्या टोमॅटोची चटणी खाऊन मी बी.एस्सी. झाले. दहावीनंतर अण्णा, दादांचे चुलतभाऊ, आपल्या भावकीचे स्वयंघोषित शास्त्री, ओट्यावर बसून म्हणाले होते, पोरीला आणखी शिकवून काय करायचं. दादा गप्प होते. दादा नेहमीच गप्प असतात. तू आतून परात घेऊन बाहेर आलीस आणि म्हणालीस, "दादा, म्या या घरात आजवर काय मागितलं न्हाई. हिला शिकू दे." अण्णांनी काही बोलायला तोंड उघडलं तर तू त्यांच्याकडे न बघता "व्हय का" म्हणालीस. तोंड मिटलं. कोपरगावच्या होस्टेलवर दर सोमवारच्या एसटीने, कंडक्टरच्या हाती, तुझा डबा यायचा. लसूण, शेंगदाणे आणि तुझे टोमॅटो. खोलीतल्या मुली डब्यावर तुटून पडायच्या. या घरातली मी पहिली पदवीधर. हे वाक्य मी मुलाखतीत, सत्कारात, वर्गात, सगळीकडे सांगते. डब्याचं कुठेच सांगितलं नाही.

आता ते कपाट. तू त्याला कपाटच म्हणायचीस, मी ड्रायर म्हणायचे. मी ज्युनियर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवायला लागले आणि मला वाटलं, आता आत्याचं काम शास्त्रशुद्ध करावं. एक प्रशिक्षक आणला, काचेचं झाकण असलेलं उन्हाचं कपाट आणलं, आपल्या अंगणात चाळीस बायका जमवल्या. तो माणूस तुझ्या बाजेकडे बोट दाखवून म्हणाला, "ही पद्धत अशास्त्रीय आहे." त्याच्या बुटांना अंगणातलं शेण लागू नये म्हणून तो टाचांवर उभा होता. मी मान हलवली. कपाटातले टोमॅटो फार देखणे निघाले, लालभडक, सारखे. ते गरम असतानाच मी पिशव्यांत भरून पिशव्या बंद करायला सांगितलं. तू मागून म्हणालीस, "गार होऊ दे गं. घाम फुटंल." मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आत्या, पाणी उडून गेलंय. आता घाम कुठून फुटणार?" बायका हसल्या. तूही थोडी हसलीस.

पंधरा दिवसांनी सगळ्या पिशव्यांना पांढरी बुरशी होती. मी येण्याआधी तू त्या उकिरड्यात पुरून टाकल्यास, हे मला आईकडून कळलं. तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. मीही नाही. त्या कपाटात नंतर कोंबडी खुडुक बसायची. तुझं बरोबर होतं आणि माझं चुकलं, एवढं सोपं वाक्य मला सहा वर्षांत म्हणता आलं नाही. वर्गात रोज पोरांना सांगते, निरीक्षण खरं, पुस्तक नंतर.

आणि मग तो दिवस. सकाळी तू दोन बाजा भरून टोमॅटो मांडलेस, जिना उतरलीस, ओट्यावर बसलीस आणि आईला म्हणालीस, "वहिनी, चहा टाका." आई चहा घेऊन आली तेव्हा तू भिंतीला टेकून तशीच बसलेली होतीस. मी कॉलेजवरून येईपर्यंत तुला अंगणात घेतलं होतं.

तिथे अण्णा उभे होते. तुला अग्नी कोण देणार, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. "लेक दिली ती दिली. तिचं गोत्र तिकडं. अग्नी सासरच्यांनी द्यायचा, सुतकबी त्यांनाच. आपल्याला काय न्हाई." ज्यांनी चाळीस वर्षांत तुला पाणीसुद्धा विचारलं नाही, त्यांच्यासाठी तुला चार तास उन्हात ठेवलं. तुझा नवरा तर कधीच वारलेला. शेवटी त्याचा पुतण्या आला, जीपमधून, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. त्याने येऊन आधी विचारलं, "यातल्या कोणत्या?" अंगणात तू एकटीच झोपलेली होतीस, आत्या. बाकी सगळे उभे होते. दादा तुझ्या पायांशी बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

पुतण्याने अग्नी दिला आणि घड्याळ बघितलं. माणसं आंघोळी करून परत आली तेव्हा दिवस कलला होता. मला एकदम वर मांडलेल्या बाजा आठवल्या. मी जिन्याकडे निघाले तर अण्णांनी हटकलं.

"कुठं?"

"टोमॅटो खाली आणते. दव पडेल."

"डोकं फिरलं का? सुतकात वाळवणाला हात लावती? राहू दे वरच. उद्या गड्याला सांगून फेकून देऊ."

"फेकून?"

"मग काय खायचेत? मेलेल्या बाईच्या हातचे, सुतकातले? शिकलीस तरी एवढं कळंना व्हय तुला?"

सगळी भावकी ओट्यावर बसलेली होती, बाया दाराशी. पुतण्या जीपला टेकून फोनवर बोलत होता. आणि मला एकदम सुचलं. मला किती आनंद झाला ते सुचताना, हे मी लपवणार नाही.

"अण्णा, सुतक कुणाला आहे?"

"आं?"

"दुपारी तुम्हीच म्हणालात ना, गोत्र तिकडचं, सुतक तिकडच्यांना. मग आम्हाला कसलं सुतक? आत्या आमच्या घरची नाहीच. ती त्यांची. म्हणजे मी वाळवणाला हात लावायला मोकळी."

दाराशी कुणीतरी "खरंय बाई" म्हणालं. कुणीतरी फिसकन हसलं. पांढऱ्या पागोट्याखाली अण्णांचा चेहरा असा झाला होता की तो तू बघायला हवा होतास, असं मला मनापासून वाटलं. भर ओट्यावर, त्यांच्याच शास्त्राने मी त्यांना गप्प केलं होतं. मी तोऱ्यात जिना चढले. एकेक टोमॅटो परातीत घेतला. खाली आले तर दादा ओट्यावर नव्हते. आई म्हणाली, गोठ्याकडे गेले.

पुढचे दहा दिवस मी रजा टाकली आणि तुझं काम केलं. वाळेपर्यंत रोज सकाळी वर, दुपारी उलटायचे, दिवस कलायच्या आत खाली. सांत्वनाला येणारी माणसं जिन्याकडे बघत बसायची. एक बाई "काय झालं होतं हो त्यांना?" असं विचारतानाच दोन वेळा वर डोकावून आली. दुसरीने जाताना थोडे मागितले, 'आठवण म्हणून'. हिचीच सासू तुझ्या टोमॅटोला सुकट म्हणायची. मी भुवई वर करून बघितली. तुझ्यासारखं जमलं नाही. ती थांबून राहिली.

आम्हाला सुतक नाही म्हटल्यावर घरात रोजचा स्वयंपाक सुरू होता. फोडणी पडायची. दादा मात्र भाकरी दुधात कुस्करून खायचे आणि उठायचे. मला वाटलं, त्यांचं पोट बिघडलंय. रात्री ते खाटेवर नव्हते, खाली घोंगडीवर. मला वाटलं, पाठ धरलीय म्हणून. मी शास्त्र शिकवते, आत्या. माझ्या डोळ्यांसमोर दहा दिवस जे घडत होतं त्याचं निरीक्षण मला जमलं नाही.

पाचव्या दिवशी टोमॅटो वाळले असं मला वाटलं. वजन केलं, दुमडून बघितले, एकाचा तुकडा पडला, एकाचा नाही. पुस्तक उघडणार होते. मग तू म्हणायचीस तसं हाताला विचारलं. हात म्हणाला, नाही. एक दिवस थांबले. सहाव्या दिवशी ते चामड्यासारखे वळत होते आणि बोटाला चिकटत नव्हते. पूर्ण गार होऊ दिले, मग बरणी भरली. आज तुला जाऊन तेरा दिवस झाले. रोज हलवते. काचेच्या एका बाटलीतही थोडे वेगळे ठेवले होते, आत घाम येतो का बघायला. आला नाही. तुझं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं, हे मी आता लिहून ठेवते. तू वाचणार नाहीस. निदान साहेबांच्या भाषणाहून हे खरं असेल.

पण मला सांगायचं आहे ते दशक्रियेचं. साहेब गेल्यावर, जनरेटर बंद झाल्यावर. घाटाच्या खालच्या पायरीवर न्हावी बसला होता. पुतण्याने केस काढून घेतले नाहीत. "आमच्याकडं आता तशी पद्धत न्हाई," म्हणाला आणि न्हाव्याने त्याच्या कपाळावरची एक बट कापल्यासारखं केलं. मी मनात म्हणाले, यांच्या हाती तुझं गोत्र. एवढ्यात दादा पायऱ्या उतरले. सदरा काढून पायरीवर ठेवला, टोपी त्याच्यावर ठेवली आणि न्हाव्यापुढे बसले.

न्हाव्याचा वस्तरा हातातच राहिला. "दादा, तुमाला कशाला? तुमाला सुतक न्हाई ना?"

अण्णा वरून ओरडले, "अरे, तुला न्हाई लागत. त्या दिशी तुझ्या पोरीनंच सांगितलं की सगळ्यांसमोर. बहीण तिकडची, आपली न्हाई म्हणून."

दादांनी मागे बघितलं नाही. "पोरीनं तिचं सांगितलं," ते म्हणाले. "मला सुतक हाय. चल, पाणी लाव."

सत्तरीतला माणूस. उघड्या पाठीवर पांढरे केस पडत होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आत्या, 'ती आमच्या घरची नाहीच' हे तुला ओटी भरताना ऐकावं लागलं, हळदीत ऐकावं लागलं. ऐकलंस आणि स्लॅबवर गेलीस. तुझ्या चितेची राख गरम असताना, तुझ्याच ओट्यावर, तेच वाक्य सर्वांत मोठ्या आवाजात मी म्हणाले, कारण मला एक वाद जिंकायचा होता आणि दोन बाजा टोमॅटो वाचवायचे होते. अण्णांना तरी ते वाक्य खरं वाटतं. मला खरं वाटत नव्हतं, तरी मी म्हणाले. या पत्रात मी ज्यांना ज्यांना हसले, त्यांच्यापैकी कुणी एवढं केलेलं नाही.

दादा समोर ओट्यावर बसले आहेत. डोक्यावर टोपी नाही. टाळूवर ऊन पडलंय. मला ते काही बोललेले नाहीत. काल त्यांचं सुतक फिटलं आणि आईने आमटीला फोडणी दिली, ती त्यांनी खाल्ली. भाकरीसोबत ते नेहमी तुझी चटणी मागायचे. काल मागितली नाही. चटणी मी करून ठेवली आहे, वाटीत, झाकून. वाढायला दोनदा उठले आणि दोनदा खाली बसले.